सात किलोंचा बोंडू

"पिशवीत भाजी आहे की पेशंट?"

परळच्या पुलाखालच्या त्या छोट्या दवाखान्यात माझ्या आधी दोन मांजरं आणि एक चिडका पोपट होता. मी मान वर केली. निळा कोट, बाहीवर कुणाकुणाचे केस चिकटलेले, आणि हसताना एकाच गालाला पडणारी खळी… माझ्या कापडी पिशवीतून बोंडूने नाक बाहेर काढलं आणि त्याचा अंगठा चाटला. मी अशी पटकन कुणावर भाळत नाही. कुत्रा मात्र भाळला.

त्याचं नाव विनीत. डॉक्टर आत ऑपरेशनमध्ये होते, त्यामुळे वजन करणं, वही भरणं हे सगळं तोच बघत होता. त्याने बोंडूला काट्यावर ठेवलं. वय दहा आठवडे, वजन साडेचार किलो.

"मालकिणीचं नाव?"

"रुपाली. आणि मालक माझे अण्णा आहेत. माझ्या ऑफिसातली मॅडम परदेशी गेली, जाताना त्यांच्यासाठी हा देऊन गेली."

अण्णा म्हणजे माझे वडील. वीस-बावीस वर्षं गिरणीतला कापूस छातीत भरून घेतलेला माणूस. आई गेल्यापासून सात महिने ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. बोंडू आला त्या दिवशी ते उठले, त्याच्यासाठी पेज कालवली आणि त्यातलेच दोन घास स्वतः खाल्ले. त्याचं नावही त्यांनीच ठेवलं, गावच्या काजूच्या बोंडूवरून. बोंडू घरात राहिला नाही तर अण्णाही राहणार नाहीत, हे मला तेव्हाच कळलं होतं.

पण आमच्या लालबागच्या चाळीची एक रीत होती. गॅलरीत पापड वाळतात, म्हातारी माणसं अंग टाकतात. म्हणून जनावराचे पाय गॅलरीला आणि जिन्याला लागू द्यायचे नाहीत, त्याला कडेवरूनच न्यायचं-आणायचं. कमिटीचे दीपककाका म्हणाले होते, "मोठा होऊन किती किलोचा होणार ते दवाखान्यातून लिहून आण. कडेवर मावणार असला तर ठेवा."

मी विनीतपुढे मॅडमचा कागद धरला. "एफ-वन-बी, मिनी… असं लिहिलंय. म्हणजे लहानच राहणार ना?"

"गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडल या दोन जातींचं पिल्लू म्हणजे एफ-वन. ते मोठं झाल्यावर परत पूडलशी लावलं, की त्याची पिल्लं एफ-वन-बी. हा बाराआणे पूडल आहे, एवढंच त्यातून कळतं."

"जितका पूडल जास्त, तितका छोटा?"

"सगळ्यांना तसंच वाटतं. पण पूडल पिशवीत मावणाराही असतो आणि मांडीला लागणाराही. पिढीवरून केस किती गळतील याचा अंदाज येतो, उंचीचा नाही. उंचीसाठी आईबाप बघावे लागतात." त्याने बोंडूचा पंजा तळहातावर घेऊन तोलला. "पंजे बघा याचे…"

"माझेही पाय मोठे आहेत. मी कुठे वाढले?"

तो हसला. मग हसू आवरून त्याने विचारलं, "याची आई पाहिलीय तुम्ही?"

"नाही," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं… जरा जास्तच वेळ. मग बोंडूसाठी एक कोरी वही ओढली आणि लिहिलं — पूर्ण वाढीचं वजन, अंदाजे सात किलो.

"दर रविवारी वजनाला आणायचं," तो म्हणाला. "पेशंट एकटा आला तर चालणार नाही."

ती वही दाखवल्यावर दीपककाकांनी बोंडूला राहू दिलं, आणि मग रविवारांची वाट बघणं सुरू झालं. वजन दोन मिनिटांत व्हायचं आणि चहा तासभर चालायचा. मी त्याच्या बाहीवरचे केस एकेक करून वेचायचे.

"यातला एकही बोंडूचा नाही," मी म्हणायचे.

"मग तुझा असेल."

'तुम्ही'वरून 'तू'वर तो कधी आला ते मी मुद्दामच विचारलं नाही.

बोंडू चार महिन्यांचा झाला तेव्हा काटा अकरा किलोवर थांबला. चार महिन्यांचं वजन दुप्पट केलं की मोठेपणीचं कळतं, हे विनीतनेच मला कधीतरी सांगितलं होतं. त्या दिवशी दोघांनीही दुप्पट केलं नाही. त्याने वही मिटली आणि विचारलं, "चहात आलं चालेल?" मी म्हटलं चालेल. पुढच्या रविवारपासून वजन वहीत चढायचं थांबलं, पण आमचा चहा चालूच राहिला.

सकाळ-संध्याकाळ बोंडूला मी खाली न्यायचे, कुणी बघत नसलं की चालवतच. दुपारची फेरी अण्णांची. तो जड झाल्यावर त्यांनी आईच्या जुन्या साडीची झोळी केली. त्याला त्यात बसवायचे आणि झोळी खांद्याला अडकवून तीन मजले उतरायचे.

"अण्णा, दुपारचं राहू दे. नाहीतर चालत ने, कोण बघतंय?"

"माका काय्येक झाला नाय. तू जा हाफिसात."

त्यांच्या गालावर मांस धरलं होतं. ते पुन्हा दाढी करायला लागले होते. मी ते बघितलं, आणि जिना चढल्यावर त्यांच्या छातीतून येणारी शिट्टी ऐकली नाही. खरं सांगायचं तर ऐकली.

नोव्हेंबरात, एका दुपारी, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावर अण्णा खाली बसले. दीपककाकांना दिसले तेव्हा झोळी त्यांच्या खांद्यालाच होती. बोंडू त्यांच्या मांडीवर झोळीतच बसला होता, त्याने पाय जिन्याला लावले नव्हते. तीन दिवस अण्णा ऑक्सिजनवर होते. चौथ्या दिवशी गेले.

"मी त्यांना किती वेळा सांगितलं, सोडा खाली, चालू दे," दीपककाका रडत म्हणाले. "म्हणायचे, पोरीने लिहून दिलंय तुमका, कडेवर मावतलो म्हणून."

तेराव्यानंतर विनीत आला. चपला काढून दारातच उभा राहिला, आत येईना.

"मी सात लिहिलं ना… तेव्हाच मला ठाऊक होतं, वीसच्या खाली थांबणार नाही. खरं लिहिलं असतं तर तू पिशवी उचलून निघून गेली असतीस. तू परत यावीस म्हणून लिहिलं. तू मला काहीही बोल."

मी झोळीची घडी करत राहिले.

"मी त्याची आई पाहिली होती," मी म्हणाले. "मॅडमच्या घरी. मागच्या पायांवर उभी राहून तिने माझ्या खांद्यांवर पंजे ठेवले होते. तुला मी नाही म्हणाले, कारण मला ते सात हवे होते."

बोंडू दाराकडे बघत होता. दुपारचे दोन वाजले होते, त्याची खाली जायची वेळ झाली होती.

मी दिवसभर ऑफिसात असणार होते आणि खोली रिकामी. विनीतची शिवडीची खोली तळमजल्याला, मागे थोडं अंगण, घरी त्याची आई.

"नेऊ?" त्याने विचारलं.

"ने."

गॅलरीत दीपककाका म्हणाले, "चालव गो त्याला. आता कोण काय बोलणार?"

मी झोळी उघडली. एक टोक विनीतने धरलं, एक मी. दुसरा मजला येईपर्यंत आम्ही दोघं तीनदा थांबलो. अण्णा बसले होते त्या वळणावर तो हळूच म्हणाला, "रुपाली… मला तू आवडतेस. आज बोलायची गोष्ट नाही ही, पण आता काही लपवायचं नाही."

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "उचल."

खाली पोचलो तेव्हा माझ्या तळहातांवर लाल वळ उठले होते, त्याच्याही. अण्णा हे रोज एकट्याने करत होते. मी तिथेच पायरीवर बसले आणि पहिल्यांदा मोठ्याने रडले. विनीत शेजारी बसला. त्याने समजूत घातली नाही, नुसता हात धरून ठेवला.

"बोंडूला भेटायला येशील?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

मी खांद्यावरच्या पिशवीतून बोंडूची वही काढून त्याच्यापुढे धरली.

"येईन. रोज येईन. आधी ते सात खोड."

त्याने खिशातून पेन काढलं, वही गुडघ्यावर ठेवली आणि सातावर काट मारून बाजूला बावीस लिहिले.