एस्किलच्या नावावरचा लॅपटॉप

बोदिलचा लॅपटॉप सुरू व्हायला अकरा मिनिटं घ्यायचा. बटण दाबून ती कॉफी करायला जायची, आणि कॉफी पिऊन कप विसळून झाला तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. मग कधीतरी ओळ उमटायची – ‘सुस्वागतम, एस्किल.’

एस्किल त्राने हा बोदिलचा पहिला नवरा. सहा वर्षांपूर्वी सफरचंदाच्या झाडाला टेकू लावता लावता खाली बसला, तो उठलाच नाही. त्यानंतर दोन वर्षांनी अस्गेर आला. स्वेनबोर्गच्या नगरपालिकेत तीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळून निवृत्त झालेला, नाकासमोर चालणारा माणूस. एस्किलच्या घरात तो राहायला आला, त्याच्या खुर्चीत बसू लागला, त्याच्या झाडाची सफरचंदं खाऊ लागला. मला त्याचं काही वाटत नाही, असं तो म्हणायचा. पण ती ओळ उमटली की तो पडद्याकडे पाठ फिरवायचा. बाईला सवत असते. पुरुषाच्या या दुखण्याला आपल्या भाषेत धड नावही नाही.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी तो म्हणाला, “हे असं चालायचं नाही. सगळं पुसतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकतो.”

“टाक. पण आतलं सगळं आधी काढून ठेव हं.”

“तीस वर्षं हेच केलंय गं मी.”

“तरी सांगते,” बोदिल म्हणाली. “सगळं.”

त्याने फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवले, कराचे कागद, तिची चर्चमधली गाणी. शेवटी एक फोल्डर उरला. नाव होतं ‘बोदिलसाठी’. आत एक्केचाळीस रेकॉर्डिंग्ज. बोदिलच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे पट्टी होती. एस्किल कामावर जाण्याआधी तिच्यासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून ठेवायचा, हे अस्गेरने ऐकलं होतं. त्याने हेडफोन लावले. आवाजात विशेष काही नव्हतं, थोडा बसका होता. पण मध्येच एस्किल एका शब्दावर अडखळला, स्वतःवरच हसला, आणि त्याच्यामागे कुठेतरी बोदिल खळखळून हसली.

चार वर्षांत अस्गेरने ते हसू एकदाही ऐकलं नव्हतं.

त्याने हेडफोन काढून ठेवले. फोल्डर न उतरवता तिथेच राहू दिला आणि डिस्क फॉरमॅट केली. काम सात सेकंदांत झालं.

“एक फोल्डर खराब निघाला,” दुपारी जेवताना तो म्हणाला. “आवाजांचा. वाचला नाही.”

बोदिलची सुरी राय पावावर थांबली. मग तिने बिटाची एक चकती उचलून पावावर बरोबर मध्ये ठेवली.

“असू दे,” ती म्हणाली.

ती रडली असती तर त्याला त्याचाही मत्सर वाटला असता. ती रडली नाही, आणि ते त्याला जास्तच लागलं.

दुपार कलेपर्यंत नवी सिस्टिम टाकून झाली. पडदा स्वच्छ, निळा. कुणाचंच नाव नाही. फक्त लायसन्स की मागत होता, पंचवीस अक्षरं. लॅपटॉपच्या पोटावर स्टिकर होता, पण त्यावरची शेवटची पाच अक्षरं एस्किलच्या मांडीवर घासून घासून पुसली गेली होती. अस्गेरने हेल्पलाइनला फोन लावला.

“नोंद एस्किल त्राने यांच्या नावावर आहे,” पलीकडची मुलगी म्हणाली.

“ते वारले. आता हे माझ्या बायकोचं आहे.”

“अरेरे. मग त्यांनी स्वतः लिहून ठेवलेला सुरक्षेचा प्रश्न विचारावा लागेल. उत्तर जुळलं की मी नोंद बदलून देते.” तिने वाचलं, “ ‘बायकोला मी एकांतात काय म्हणतो?’ ”

अस्गेरने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. “बोदिल,” तो म्हणाला.

“नाही.”

“बो.”

“नाही हो. आता एकदाच विचारता येईल.”

त्याने फोन ठेवून दिला.

संध्याकाळी बोदिल विणत बसली होती. तो तिच्यासमोर येऊन बसला. “तो तुला काय म्हणायचा?”

कोण, हे तिने विचारलं नाही. “का?”

“लायसन्सला लागतंय.”

“मग दुसरं लायसन्स घे.”

“मीपण नवराच आहे ना तुझा?”

“आहेस की. तू मला बोदिल म्हणतोस. चांगलं म्हणतोस.” तिने टाके मोजले. “ते नाव माझं आहे, अस्गेर.”

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तो बसने ओडेन्सला गेला आणि दुकानातून नव्या लायसन्स कीचा डबा घेऊन आला. वाटेत त्याला हलकं वाटत होतं. एस्किलचं काहीच लागणार नव्हतं आता. साडेचारला घरी पोचला तेव्हा अंधारून आलं होतं. कोटही न काढता तो अभ्यासाच्या खोलीत गेला, डब्यावरचा प्लॅस्टिकचा कागद फाडला आणि लॅपटॉप उघडला.

पडद्यावर लिहिलं होतं: ‘लायसन्स मंजूर. दुपारी ३.४५. मालक – अस्गेर लिंडहार्ट.’

त्याने हेल्पलाइनला फोन लावला. कालचीच मुलगी होती. तिने त्याचा आवाज लगेच ओळखला.

“काही अडचण आली का पुन्हा?”

“ही नोंद कुणी बदलली?”

“तुम्हीच की. पावणेचारच्या सुमारास फोन केलात.”

“मी तेव्हा ओडेन्सला होतो.”

“याच नंबरवरून आला होता,” ती गोंधळून म्हणाली. “तुमचाच आवाज. उत्तर पहिल्या झटक्यात दिलंत. मी म्हटलंसुद्धा, काल आठवलं नव्हतं वाटतं?”

“काय म्हणालो मी?”

“ते मला सांगता येत नाही. पण...” ती जराशी हसली. “तुम्ही ते नाव घेतलंत तेव्हा मागे तुमच्या पत्नी किती हसल्या! मलाही हसू आलं.”

अस्गेरने रिसीव्हर जागेवर ठेवला.

दारात बोदिल उभी होती. गाल लाल, केसांची एक बट सुटलेली. दहा वर्षांनी लहान दिसत होती.

“कुठे होतास? मी कधीची शोधतेय,” ती म्हणाली. “पुन्हा म्हण ना एकदा.”

“काय?”

“मघाशी म्हणालास ते.” ती जवळ आली. “मला नावं ठेवू नकोस, पण तू ते असं म्हणशील असं मला वाटलंच नव्हतं. इतकं... तुझंच असल्यासारखं.”

तिने डोळे मिटले. वाट बघत उभी राहिली.

अस्गेरला ते नाव ठाऊकच नव्हतं. बायको त्याच्यासमोर उभी होती, इतकी त्याची ती कधीच झाली नव्हती. आणि ते सगळं कुणा दुसऱ्याने कमावलेलं होतं, त्याच्याच आवाजात.

“जरा बाहेर जाऊन येतो,” तो कसाबसा म्हणाला.

तिने डोळे उघडले. “बरं. मी जेवायचं वाढते.”

तो मागच्या दाराने बागेत गेला. खाडीवरून वारा येत होता. गार हवेत त्याने चार-पाच श्वास मोजून घेतले आणि मन ताळ्यावर आणलं. आत जायचं, सगळं खरं सांगायचं. फोल्डरचंही. तो घराकडे वळला.

स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड होता. बोदिलने मेणबत्ती लावली होती. ती टेबलाशी बसून पावाला लोणी लावत होती, आणि बोलत होती.

तिच्या समोर, खिडकीकडे पाठ करून, कुणीतरी बसलं होतं.

अंगात राखाडी स्वेटर होता. अस्गेरचा. मानेवरचे केस नुकते कापलेले, डाव्या कानामागे जरा वाकडे. रविवारी बोदिलने त्याचे केस कापले, तेव्हा तिथेच कात्री निसटली होती.

अस्गेरने काचेवर बोटाने टकटक केलं.

पाठमोरा माणूस हलला नाही.

बोदिलने मान वर केली. काचेतून तिने सरळ अस्गेरकडे पाहिलं. ती दचकली नाही, चिडली नाही. रस्ता चुकून कुणी आपल्या कुंपणात आलं तर आपण जसं बघतो तसं बघितलं.

मग ती उठली, खिडकीशी आली, ओशाळल्यासारखं किंचित हसली, आणि तिने पडदा ओढून घेतला.