खांबावरचं विमान

विमानात आधी कोण बसणार, यावरून वेदिका आणि अपूर्वचं सकाळपासून वाजलं होतं. शेवटी मेघानं निकाल दिला, वेदिकाची धाकटी बहीण मयुरा आधी बसेल. ती पाच वर्षांची होती आणि तिनं भोकाड पसरलं की कोणाचंच काही चालत नसे.

मे महिन्याची सुट्टी होती. त्यांच्या वसाहतीच्या, म्हणजे लेआउटच्या, बागेत सेवेतून काढलेलं एक जुनं प्रशिक्षण विमान जाड लोखंडी खांबावर चढवलं होतं. शेजारी जिना. चढून गेलं की थेट कॉकपिट. रविवारी उद्घाटन होतं आणि फीत मेघाच्या आबांनी कापायची होती. आबा म्हणजे निवृत्त विंग कमांडर गोपाळराव गजभिये. असल्याच विमानांत त्यांनी कितीतरी पोरांना उडायला शिकवलं होतं, पुढे नव्या विमानांच्या चाचण्याही घेतल्या होत्या. पण बागेच्या फाटकातून विमान पाहिलं आणि आबा तसेच मागे फिरले. फीत कापणार नाही म्हणाले.

मेघाला ते फार लागलं. मैत्रिणींना काय सांगायचं? दुपारी कूलरसमोर बसून तिनं पिच्छाच पुरवला, तेव्हा आबा बोलू लागले.

थॉमस नावाचा त्यांचा दोस्त होता. असल्याच एका नव्या प्रशिक्षण विमानाची चाचणी दोघं मिळून घेत. विमान मुद्दाम भोवऱ्यासारखं गरगरत खाली सोडायचं आणि पुन्हा सावरायचं, कारण उद्या शिकाऊ पोरांच्या हातून तसं चुकून होणारच. एकदा उतरल्यावर थॉमस म्हणाला, शेपटीकडून टकटक ऐकू येते. वरवर पाहणी झाली. काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना विमान उडवून दाखवायचं होतं, म्हणून ते तसंच वर पाठवलं.

"मी शेजारून दुसऱ्या विमानात होतो," आबा म्हणाले. "ते गरगरायला लागलं, ते थांबलंच नाही. थॉमस रेडिओवर शेवटपर्यंत बोलत होता. ओरडत नव्हता. पायाखालचं पेडल सैल पडलंय, शेपूट ऐकत नाही, असं एकेक सांगत होता. त्यामुळेच दोष सापडला. पुढची पोरं वाचली."

त्यानंतर आबांनी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी मेघा, वेदिका आणि अपूर्व अशी तिघं बागेत गेली तेव्हा गरम वारा सुटला होता. विमान किंचित हललं आणि खांबाच्या तळातून आवाज आला. टक्. अपूर्व म्हणाला, लोखंड तापलं की वाजतं. मेघानं खांबाला हात लावला. पुन्हा वारा आला, पुन्हा टक्, आणि तो ठोका तिच्या तळहाताला जाणवला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कामगार कडुलिंबाखाली पडले असताना, तिघं पुन्हा आली. वेदिका पहाऱ्याला राहिली. खांबाच्या बुडाशी ताज्या रंगावर एक बारीक रेघ उमटली होती. अपूर्वनं खिळ्यानं ती खरवडली, तशी पुट्टीची खपलीच निघाली. आत वेल्डिंग तुटलेलं होतं. खिळा अर्ध्याहून जास्त आत गेला.

इतक्यात विमान बसवणारा ठेकेदार मागे येऊन उभा राहिला. त्यानं अपूर्वचा दंड पिरगाळला.

"रंग काहून खराब करून राहिले? तुमाले काय समजते यातलं?"

तुटलंय ते दाखवायला मेघा वाकली, तर त्यानं तिला ढकलून बाजूला केलं. संध्याकाळपर्यंत तिथं नवी पुट्टी, नवा रंग लागला. पोरांनी नासधूस केली, अशी तक्रार घरोघरी पोहोचली. अपूर्वला घरी मार बसला. मेघाकडून सगळं ऐकल्यावर आबांनी लेआउटच्या समितीचे अध्यक्ष मधुसूदनकाका यांना फोन लावला, पण तपासणी झाली आहे, उगाच घबराट नको, असं म्हणून त्यांनी तो ठेवून दिला.

रविवारी दुपार कलल्यावर मौदा गावाच्या बाजूनं आभाळ काळंपिवळं झालं. विमानाखाली सतरंजी अंथरून लहान मुलांना रांगेत बसवलं होतं. पुढे मयुरा. फीत कापायला नव्हे, मुलांना उठवा म्हणून सांगायला आबा आले, तर त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवण्यात आलं.

मेघा सरळ माइकपाशी गेली. विंग कमांडरांची नात चार शब्द बोलणार, असं वाटून कोणी अडवलं नाही.

"हे विमान ज्यांनी उभं केलं, त्या ठेकेदारकाकांनी आधी वर बसावं," ती म्हणाली. "त्यांचा फोटो काढू, मग आम्ही चढू."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठेकेदार हसला, नको म्हणाला. लोकांनी आग्रह केला. त्यानं गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. वेदिकानं विचारलं, मग सकाळी जिना रंगवायला कसे चढलात? तो जिन्यापासून दोन पावलं मागे सरकला. मधुसूदनकाका त्याच्याकडे पाहत राहिले.

"चढा ना," ते हळूच म्हणाले. "काहून नाही चढत?"

ठेकेदारानं मान खाली घातली. मधुसूदनकाकांचा चेहरा पांढरा पडला. "पोरं उठवा, सगळी उठवा," म्हणत ते धावले. आबा, वेदिका, अपूर्व, जो तो हाताला येईल ते पोर उचलत होता. रांग फाटकापर्यंत पोहोचते न पोहोचते तोच वावधन, धुळीचं वादळ, आलं. मांडव उडाला. धुळीतून मोठा कडकडाट झाला.

धूळ बसली तेव्हा विमान आडवं पडलं होतं. त्याचा पंख सतरंजीवर होता. एक कामगार पळताना लोखंडाखाली सापडला होता, त्याचा पाय चिरडला होता. त्याच्या किंकाळ्या ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबल्या नाहीत.

पोलीस ठेकेदाराला घेऊन गेले. मधुसूदनकाकांनी अपूर्वच्या वडिलांसमोर त्याची माफी मागितली. मग मेघाकडे वळून म्हणाले, "आमी मोठे झोपलो होतो बेटा. तुम्ही तिघांनी एवढी लेकरं वाचवली."

बायका येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. तिला मात्र त्या कामगाराचा आवाजच ऐकू येत होता. ती रडायला लागली.

आबा तिच्याजवळ पायरीवर बसले. "तुझ्यासारखी डोकं शाबूत ठेवणारी पोरं मला फार थोडी मिळाली," ते म्हणाले.

"पण त्या काकांचा पाय, आबा..."

"उद्या दवाखान्यात जाऊ. दोघं जाऊ."

फाटकापाशी वेदिकाची आई मयुराला कडेवर घेऊन उभी होती. मयुरा खाली उतरण्यासाठी हातपाय झाडत होती, पण आई काही तिला सोडत नव्हती.