एका दोरावर

पैनगंगेच्या जंगलात आम्ही तिघं निघालो ते शामला शोधायला. जिवंत नव्हे. तेवढी आशा त्याच्या आईखेरीज, बसंतीबाईखेरीज, कुणीच धरून नव्हतं. शामच्या बापाला, रूपसिंगभाऊंना, पोराचा देह हवा होता. तांड्यावर नेऊन आपल्या हातानं माती द्यायची, एवढंच त्यांचं मागणं होतं.

शाम आणि माझा चुलतभाऊ रोशन जिवलग दोस्त. एकाच मोटारसायकलवर मासे धरायला गेले आणि वरून आलेल्या लोंढ्यानं दोघांनाही नेलं. रोशन दुसऱ्या दिवशी झुडपात अडकलेला सापडला. फुलसावंगीला नेऊन आम्ही त्याला अग्नी दिला. शामचा पत्ता नव्हता. शोधपथकाची बोट आली, फिरली आणि परत गेली. पुढे नदी जंगलात शिरते, तिथल्या खडकांतून बोट जात नाही.

माझं उमरखेडला पंक्चरचं दुकान. रूपसिंगभाऊ ट्रॅक्टरची ट्यूब आणि दोर मागायला आले. पोहता फारसं येत नाही, जंगलातली वाट ठाऊक नाही, आणि हा माणूस एकटा निघालेला! मी शटर ओढलं. तेवढ्यात डोमाजीकाका, रोशनचे वडील, समोर येऊन उभे राहिले. पोराला जाळून एक रात्र झाली होती फक्त.

"तुमी कायले येता?" रूपसिंगभाऊंनी तुटकपणे विचारलं. त्याला कारण होतं. डोमाजीच्या पोरानंच माझ्या शामला पाण्यात नेलं, असं बसंतीबाई साऱ्या तांड्याला सांगत होती.

"माहा पोरगा सापडला," काका म्हणाले. "म्हून येतो."

आम्ही निघालो.

जंगल पावसाळ्याच्या शेवटी असतं तसं माजलं होतं. सागाची पानं टोपलीएवढी, खाली गुडघाभर गवत, त्याखाली चिखल, आणि चिखलात नेमका जिथे पाय पडेल तिथे काटा. आभाळ सकाळपासून काळवंडलेलं. उजव्या हाताला नदी सतत घुमत होती आणि तिचा आवाज ऐकून ऐकून माझं डोकं दुखायला लागलं होतं. प्रत्येक वळणावर आम्ही खाली उतरायचो, झुडपं, कपारी बघायचो, आणि पुन्हा वर चढायचो. पहिले दोन-तीन तास दोन्ही बाप एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. मी मध्ये चालत होतो, खटल्यातल्या साक्षीदारासारखा.

एका नाल्यात काकांची चप्पल वाहून गेली. तरी ते चालत राहिले. थोड्या वेळानं दगडांवर रक्त दिसलं, तेव्हा रूपसिंगभाऊंनी त्यांना खाली बसवलं, खांद्यावरचा दुपट्टा फाडला आणि पाय घट्ट बांधला.

"सांगता नाई येत का?"

"आपण थांबलो असतो मंग."

पुढे अस्वल आडवं आलं. मोठं, मादी असावी. आम्ही तिघं एकमेकांना चिकटून, श्वास रोखून उभे. तिनं नाक वर केलं, फुसकारली आणि वारुळाकडे वळली. ती दिसेनाशी झाल्यावर कळलं की काका आणि रूपसिंगभाऊ एकमेकांचे हात धरून उभे आहेत. माझा मात्र कुणीच धरला नव्हता. भाऊंनी खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी काढली, स्वतः चिमूटभर घेतला आणि पन्नी काकांपुढे केली. काकांनी घेतला. त्यानंतर चढावर पुढचा मागच्याला हात देई, कोण कुणाचं हे न बघता.

दुपार कलली तेव्हा तो दिसला.

नदी तिथे काळ्या खडकांतून खाली कोसळत होती. दोन खडकांच्या फटीत काहीतरी हिरवं हलत होतं. शामचा टी-शर्ट हिरवा होता. रूपसिंगभाऊ सदरा काढू लागले.

त्या धारदार खडकांत ट्यूब टिकली नसती, म्हणून मी नुसता दोर झाडाला वेढून टोक हातात धरलं. दोराच्या पुढच्या टोकाला भाऊ, त्यांच्या मागे काका. दोघांच्याही छातीला गाठी मारल्या. मी जातो म्हटलं, तर काकांनी ऐकलं नाही. "तू तरणा हायस. ओढाले तूच पायजे." खरं होतं ते.

ते पाण्यात उतरले. कमरेपर्यंत. मग छातीपर्यंत. खडकाला धरून धरून भाऊ फटीपाशी पोचले. वाकले. हात आत घातला. आणि त्यांनी माझ्याकडे वळून मान हलवली. शामच होता! त्यांच्या मुठीत पोराची बाही होती.

तेवढ्यात काकांचा बांधलेला पाय सटकला.

एका क्षणात काका दिसेनासे झाले! प्रवाहानं त्यांना खडकाच्या पलीकडे ओढलं. दोर खडकाच्या कपारीत रुतला. मी ओढलं. जिवाच्या आकांतानं ओढलं. दोर हलेना! काकांचा एक हात पाण्यावर आला, पुन्हा गेला.

"भाऊ, दोर काढा कपारीतून!" मी ओरडलो.

भाऊंनी डाव्या हातानं दोर उपसून पाहिला. निघेना. त्याला दोन्ही हात हवे होते. त्यांनी एकदा मुठीकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग मूठ उघडली.

दोर सुटला. मी मागे पडता पडता ओढत राहिलो, भाऊही ओढत होते, आणि काका खोकत, ओकत वर आले. त्याच वेळी फटीतलं हिरवं सुटं झालं, एकदा फिरलं आणि धारेला लागून खाली गेलं. खाली दोन्ही बाजूंना सरळ कडे होते. तिथे माणूस जात नाही.

काठावर तिघंही पालथे पडलो. मला रडू आवरत नव्हतं.

"काहून सोडलं?" काका कसेबसे म्हणाले. "मले जाऊ द्या लागत होतं."

"थो गेलेला होता," रूपसिंगभाऊ म्हणाले. "तुमी नोते."

काका उठू लागले. खाली जाऊन पाहू म्हणाले. पाणी चढत होतं. भाऊंनी त्यांना खांद्याला धरून परत बसवलं.

"आता बस, डोमाजीभाऊ. माह्यात आनखी कोनाले पाण्यात शोधाचा दम नाई."

येताना काकांना चालवत नव्हतं. आम्ही आळीपाळीनं पाठीवर घेतलं. भाऊंनीच जास्त घेतलं.

तांड्यावर बसंतीबाई दारातच बसली होती. आम्हाला रिकाम्या हातांनी येताना पाहून उठली.

"माहा छोरा दिसला का?"

काका पुढे झाले. मला कळलं, हा माणूस आता सगळं सांगणार. "वैनी, थो दिसलता. पन माह्या..."

"नाई दिसला," रूपसिंगभाऊ मध्येच म्हणाले. "कपडा होता कोनाचा तरी. वाहून आलेला." मग माझ्याकडे पाहिलं. "हो ना, अतुल?"

"हो," मी म्हणालो.

बसंतीबाईनं काकांकडे पाहिलं. त्यांच्या छातीवर दोरानं सोलवटलेलं होतं, पायातून पुन्हा रक्त येत होतं. ती आत गेली, वाटीत तेल-हळद घेऊन आली आणि त्यांच्यापुढे बसली.

"तुमचा सापडला, तरी तुमी गेलते," ती म्हणाली. "मी तुमाले वंगाळ बोलली, भाऊ."

काका ओंजळीत तोंड घालून रडायला लागले. बसंतीबाईला वाटलं, ते रोशनसाठी रडतायत.