न आलेला ताप

शिवणकाम करणारी ती तरुण बाई सकाळी अंथरुणात निपचित पडलेली सापडली. दवाखान्यात पोचेपर्यंत खेळ आटोपला होता. रक्ताच्या कॅन्सरवर उपचार चालू होते. पण जीव गेला तो जंतुसंसर्गाने.

नवऱ्याने तडक पोलीस ठाणं गाठलं. "रोज घरी येणाऱ्या नर्सने ताप बघितलाच नाही. तिच्या हलगर्जीपणाने माझी बायको गेली."

इन्स्पेक्टरबाई त्या घरी आल्या, तेव्हा नर्स दाराशी रडवेली उभी होती.

"ताप बघायचीस?"

"रोज सकाळी, बाई. कधीच नव्हता."

बाईंनी तिचा थर्मामीटर स्वतःला लावून पाहिला. ठणठणीत चालत होता.

"वेगळं काही दिसलं?"

"चादर घामाने चिंब असायची. विचारलं तर म्हणायच्या, उकडतंय."

"एवढ्या थंडीत?"

नर्सने मान खाली घातली.

बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "औषधांनी तिच्या पांढऱ्या पेशी जवळपास संपल्या होत्या. जंतू शिरले की शरीर लढण्यासाठी स्वतःला तापवतं. तिच्या बाबतीत धोका कळायला तेवढी एकच खूण उरली होती. म्हणून घरच्यांना बजावलं होतं, ताप आला की असेल तसं उचलून आणा."

"मग ताप आलाच कसा नाही?"

"आला असणार. कुणीतरी उतरवला नसेल ना?"

तेवढ्यात सासरे पाणी घेऊन आले. एकेकाळचे बसड्रायव्हर. भिंत धरत, ओठ आवळत एकेक पाऊल टाकत होते.

"गुडघे का, आजोबा?"

"जुनं दुखणं."

"गोळ्या घेत नाही?"

"घेतो की!"

कोपऱ्यातल्या त्यांच्या खाटेच्या उशाशी सांधेदुखीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पडली होती.

शिलाई मशीनखाली चिंध्यांशी खेळणाऱ्या चिमुरडीला बाईंनी शेजारी पाठवलं आणि नर्स, नवरा, सासरे अशा तिघांना समोर बसवलं.

"नर्स खरं बोलतेय. ती यायची तोवर ताप उतरवलेला असायचा. औषधाने ताप उतरताना दरदरून घाम फुटतो, म्हणून चादर भिजायची. सांधेदुखीच्या गोळ्यांनी तापही उतरतो. आजोबा, पाकिटं रिकामी झाली, तरी तुम्हाला पाऊल टाकवत नाही. गोळ्या कुणाच्या पोटात जात होत्या?"

म्हाताऱ्याने गुडघ्यांवरून हात फिरवला.

"तिनेच मागितल्या. म्हणाली, बाबा, ताप दिसला तर परत दवाखान्यातल्या त्या एकटीच्या खोलीत ठेवतील. मागच्या खेपेला लेकीला काचेतूनच बघत होती हो. पोर काचेवर गाल घासायची. म्हणाली, थोडे दिवस तिला कुशीत घेऊन झोपू द्या, मग मीच सांगते."

"डॉक्टरांनी बजावलेलं तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्यासमोरच बजावलं होतं. तिला नाही म्हणायची सवयच नव्हती मला."

"मला का नाही सांगितलंत?" मुलगा ओरडला.

"तू तिला नेलं असतंस."

"जगली असती, बाबा!"

नवऱ्याने नर्सपुढे हात जोडले. ती तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेली.

"आजोबा, जबाब द्यायला ठाण्यात यावं लागेल," बाई हळूच म्हणाल्या.

म्हातारा उठू लागला, पण गुडघ्यांनी दगा दिला. मुलगा क्षणभर तसाच उभा राहिला. मग पुढे होऊन, बापाच्या तोंडाकडे न बघता, त्याने त्याला उचलून उभं केलं.