येऊन राहिलो

तुम्हीच सांगा भाऊ, रस्त्यावर आपल्या गाडीनं माणूस पाडला, तर त्या घडीला विश्वास कोणावर ठेवाल? फोनमधल्या गोड आवाजावर, की स्वतःच्या दोन डोळ्यांवर? चहा होईपर्यंत कृष्णकांतची गोष्ट ऐका. मग गाडीत बसू.

कृष्णकांत म्हणजे लकडगंजातला सागवानवाला, दुकान माझ्या आरा मशीनला लागूनच. लाकडावर टिचकी मारून आत पोकळ आहे की भरीव ते सांगायचा. मागच्या हिवाळ्यात त्यानं नवी गाडी घेतली आणि सीटवरचं प्लास्टिक काही काढू दिलं नाही. बायको, प्रेमलता, म्हणायची, "अजी, बसलं का चुरचुर वाजते. काढा नं ते."

"वाजू दे वं. नव्या गाडीचा आवाज हाय तो."

त्या दिवशी तो खापरखेड्याला निघाला होता, एका घराच्या चौकटीचं माप घ्यायला. साधं काम. दिवस मावळतीला आलेला, धुकं रस्त्यावर बसलेलं. तिकडच्या धुक्यात वीजकेंद्राची राखही मिसळलेली असते. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळते. विझलेल्या चुलीचा वास. वळणावर धुक्यातून एक मोटरसायकल निघाली, इतकी जवळ की ब्रेकवर पाय जायच्या आत आवाज होऊन गेला होता. मोठा नाही. पोतं पडावं तसा.

कृष्णकांत उतरला. रस्त्याच्या कडेला राखेत एक माणूस उताणा पडला होता. तिशीतला, अंगात कामाचा निळा शर्ट. त्याचा फोन बाजूलाच पडला होता, चालू. फोनमधून बाईचा आवाज येत होता, "कुठी आहे तुमी? आवाज कशाचा झाला?" पडलेल्या माणसानं मान जराशी वळवली आणि म्हणाला,

"येऊन राहिलो वं... येऊन राहिलो..."

पहिला फोन एकशे आठला लावायचा, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. कृष्णकांतलाही होतं. पण काचेवर विमा कंपनीचा नंबर चिकटवलेला होता आणि एजंटानं बजावलं होतं, काहीही झालं की आधी इथं फोन करा. त्यानं तिथं लावला. पलीकडे एक मुलगी, बोलणं पुण्याकडचं, स्वच्छ.

"सर, समोरची व्यक्ती कशी आहे?"

"मरून राहिला जी तो!" कृष्णकांत ओरडला.

आता तुम्ही नागपूरचे, तुम्हाला सांगायला नको. जेवून राहिलो म्हणजे ताट अजून पुढ्यात आहे. मरून राहिला म्हणजे जीव अजून आहे, धावा. पण त्या पोरीच्या कानाला ते वेगळंच लागलं. तिकडून टकटक टाईप केल्याचा आवाज आला.

"म्हणजे मृत्यू झालाय. ओके सर. मग बॉडीला हात लावू नका. पोलिसांना मी कळवते. गर्दी जमते, तुम्ही गाडीत बसा आणि काचा वर घ्या."

चूक तिची, आणि तीही नकळत झालेली. पण कृष्णकांतला ती कळली, भाऊ. त्याच क्षणी कळली. मेला म्हटलं की सगळं सोपं होत होतं. उचलायचं नाही, दवाखान्यात पळायचं नाही, लोकांचा मार खायचा नाही, नव्या सीटला रक्त लागायचं नाही.

"हो," तो म्हणाला.

आणि गाडीत जाऊन बसला. काचा वर. बाहेरचा आवाज बंद झाला. थोड्या वेळानं डावीकडच्या काचेवर खालून एक हात आला. राखेनं माखलेला. काचेवरून हळूहळू घसरत खाली गेला. कृष्णकांत समोर बघत राहिला.

पोलीस आले तेव्हा सगळं संपलं होतं. कृष्णकांतनं जबाब दिला, "मी उतरलो तवाच मेलेला होता."

गाडी दुरुस्त होऊन आली आणि पहिल्याच संध्याकाळी, घराच्या दारातून निघाल्या निघाल्या, वाजायला लागलं. टिंग... टिंग... टिंग. सीटचा पट्टा लावला नाही की वाजतं ते. कृष्णकांतनं आपला पट्टा बघितला. लावलेला होता. समोर डॅशबोर्डवर डाव्या सीटचा लाल दिवा लागला होता. आणि डावी सीट रिकामी.

त्यानं वर्कशॉपच्या हर्षितला गाडी दाखवली. हर्षितनं सीट उचलून पाहिली, तारा पाहिल्या.

"सेन्सर बरोबर हाय, काकाजी. सीटवर वजन हाय म्हणून वाजून राहिला."

"वजन कायचं? बसलं कोण तिथं?"

"मले काय मालूम गा? तुमचीच सवारी असंन एखादी," हर्षित हसला. मग त्यानं बसायच्या जागेकडे नीट पाहिलं, आणि हसणं अर्ध्यावर थांबलं. प्लास्टिक मधोमध दबलेलं होतं. त्यानं हातानं ओढून सरळ केलं. दोघांच्या देखत ते पुन्हा खाली गेलं. चुरचुर...

त्या दिवशी परतताना कृष्णकांतनं रिकाम्या सीटला पट्टा लावला. टिंग थांबली. गाडीभर विझलेल्या चुलीचा वास पसरला. त्यानं घराकडे वळायला स्टिअरिंग फिरवलं की टिंग सुरू. खापरखेड्याच्या दिशेला धरलं की शांत. तो काय करणार? ती नेईल तिकडे गेला.

मेलेल्या माणसाचं नाव धम्मानंद. त्याचं घर गल्लीच्या टोकाला होतं, दारावर पंचशीलाचा झेंडा. दार त्याच्या बायकोनं, मोनालीनं उघडलं. कृष्णकांतनं हात जोडले, ओळख सांगितली. ती रडली नाही. त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काकाजी, एक विचारू? त्या दिवशी ह्यांचा फोन चालूच होता. मी सगळं ऐकून राहिली होती. हे म्हणाले, येऊन राहिलो. मग कोणीतरी ओरडलं, मरून राहिला. तो आवाज तुमचाच होता नं?"

कृष्णकांतनं पेला खाली ठेवला.

"मी जागा विचारत होती जी. ओरडून ओरडून. कोणी उचलूनच नाही राहिलं तो फोन. मरून राहिला म्हणाले तुमी. मंग पोलिसांले मेलेला होता काहून सांगितलं?"

भाऊ, इथं एक शब्द खरा बोलला असता तर गोष्ट इथंच मिटली असती. पण टिचकी मारून लाकूड ओळखणारा माणूस, स्वतः आतून पोकळ निघाला.

"मी... तसं बोललोच नाही, बाई. तुमच्या ऐकण्यात चूक झाली."

मोनालीनं त्याच्या खांद्यावरून बाहेर, अंगणापलीकडे उभ्या गाडीकडे पाहिलं.

"असं? मंग त्यायले विचारते. ते कोण बसले हायेत गाडीत, डाव्या बाजूले... त्यायले बोलवा नं आत. चहा ठेवते."

बंद गाडीतून, किल्ली कृष्णकांतच्या खिशात असताना, आवाज येऊ लागला. टिंग... टिंग...

तो मागच्या दारानं पळाला. ऑटोनं लकडगंजात आला. दुसऱ्या दिवशी गाडी आणायला मी गेलो, आणि पुढं ती कोणी घेईना म्हणून माझ्याकडेच राहिली. कृष्णकांत जिवंत आहे. फक्त 'राहिलो' हा शब्द तोंडातून काढत नाही. जेवतो म्हणतो, येतो म्हणतो, अगदी पुणेरी बोलतो. पोरं त्याला चिडवतात. मी चिडवत नाही.

मी रोज दिवस मावळताना गाडी मोनालीच्या दारापर्यंत नेतो. वाटतं, आज पट्ट्याचा खटका सुटेल. ती दारात उभी असते. खटका सुटत नाही. कृष्णकांत खरं बोलत नाही तोवर धम्मानंद बिचारा घरी पोचायचा नाही. तो अजून येऊनच राहिला आहे.

झाला चहा? चला मग. तुम्ही मागं बसा. पुढचा तो पट्टा लावलेलाच असू द्या, प्लास्टिकचा आवाज आला तर वळून बघू नका. आणि नाक्यावरचा शिपाई विचारेल, गाडीत किती जण. मी चालवत असेन, सांगायचं तुम्हाला आहे. तेवढा हिशेब खरा ठेवा, भाऊ. तिघं आहोत म्हणा.