आवडाबाईची लंगडी

"पोरी, माझा राजा गेला गं. लवकर ये."

सकाळचा फोन. तनुजा वैजापूरच्या खोलीवर चहा गाळत होती. चहा तसाच राहिला. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, म्हातारीचा मुलगाबिलगा गेला. पण आवडाबाईला मूलबाळ नव्हतं. तिचा राजा म्हणजे मोर, हे वनरक्षक तनुजाला ठाऊक होतं. आठवडाभरात त्या वस्तीवरचे सहा मोर-लांडोर मेले होते. हा सातवा.

टेकडीच्या पायथ्याला पत्र्याचं घर, पुढं कडुनिंब. निंबाखाली राजा पडला होता. आवडाबाईनं त्याच्यावर पोतं पांघरलं होतं. पोत्याची शिवण वरच्या बाजूला, दोऱ्याची टोकं बाहेर लोंबलेली. पिसारा काही पोत्याखाली मावला नव्हता, तो धुळीतच होता.

"काल बरा होता का, मावशी?"

"सांजच्याला जेवून गेला की. मान टाकत हुता जरा. अन् सकाळी हे असं."

म्हातारीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. एवढ्या दुःखातही आल्यागेल्याला पाणी द्यायचं सुटलं नव्हतं. तिची नखं गुलाबी दिसली. लग्नसराई चाललीय, कुठल्या तरी मांडवात मेंदी लावली असेल, असं तनुजाला वाटलं आणि ती ते विसरूनही गेली.

"कुणावर संशय?"

"संशय कशाला? सोमनाथनं मारला. माझ्याच पुतण्यानं. सगळ्यांसमोर म्हणला हुता, एकेकाला संपवतो म्हणून."

सोमनाथचं शेत बांधापलीकडंच. मे महिन्यात सगळं रान उघडंबोडकं, एकट्या सोमनाथचा विहिरीवरचा भुईमूग हिरवा. मोर तो उकरायचे. गावानं तर निकाल देऊनच टाकला होता. मोराच्या हत्येत अडकला की माणूस वर्षानुवर्षं सुटत नाही, आणि सोमनाथची दोन पोरं अजून शाळेत होती.

तेवढ्यात बद्रीनाथ शेठची जीप आली. शेठचं वैजापुरात बी-बियाण्यांचं दुकान. शिवाय ते पक्षिमित्र. झाडाला पाण्याची मडकी टांगतानाचे त्यांचे फोटो संभाजीनगरच्या पेपरात यायचे, शाल-श्रीफळ मिळायचं. आताही त्यांच्या हातात हार होता आणि घडी केलेला तिरंगा.

"राष्ट्रीय पक्षी आहे, मॅडम. उन्हानं गेला बिचारा. मानानं माती देऊ. चिरफाड कशाला?"

आधीचे सहा असेच पुरले होते. तनुजाच्या साहेबांनीही उन्हावरच बिल फाडलं होतं, आणि तनुजाही गप्प बसली होती. आज मात्र तिचं मन धजेना.

"हा दवाखान्यात जाणार, शेठ."

शेठनी तिरंगा पुन्हा पिशवीत घातला. "जशी तुमची मर्जी," ते म्हणाले.

जनावरांच्या डॉक्टर अमृता बोलायला फटकळ, पण हात हळुवार.

"ऊनबिन काही नाही. विष आहे. कुठलं ते प्रयोगशाळा सांगेल, पण विषच."

"गळ्याच्या पिशवीत काय आहे? भुईमूग?"

"एक दाणा नाही. सगळी मका. आणि कशी, तर धुतल्यासारखी स्वच्छ." अमृतानं चिमट्यानं एक दाणा उचलला. "हा बघ. टोकाच्या खाचेत."

खाचेत कुंकवाच्या कणाएवढा गुलाबी रंग राहिला होता.

तनुजा तिथून थेट सोमनाथच्या विहिरीवर गेली.

"भुईमुगावर औषध मारलंस?"

"मारलं. अळीला. मोराला नाय."

"धमकी दिली होतीस."

"दिली हुती. रागात माणूस बायकोलाबी म्हणतो टाकून देईन. टाकतो का?"

"घरात मका आहे?"

"औंदा पेरलीच नाय. वाटलं तर घर झाडून बघा."

"काकूनं तुझं नाव घेतलंय, सोमनाथ."

इतका वेळ ताठ उभा असलेला गडी विहिरीच्या काठावर मटकन बसला.

"काकूनं? मला पोरक्याला तिनंच वाढवलं, ताई. दुसऱ्या कुणीबी म्हणावं. काकूनं?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तनुजाला त्याच्याकडं बघवेना. काही तरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "तुमच्यात एवढ्यात लग्न झालं का कुठं? काकूनं मेंदी लावलीय म्हणून म्हटलं."

सोमनाथनं चमकून वर पाहिलं. "मेंदी? काका गेल्यापास्नं काकूनं कुंकूबी नाय लावलं, मेंदी कुठली! आमच्यात लावत नायत."

तनुजाला दाण्याच्या खाचेतला गुलाबी रंग आठवला. देवा, माझं चुकलेलं असू दे, असं ती रस्ताभर मनात म्हणत आली. पण देव असल्या वेळी कधी ऐकतो?

आवडाबाईच्या घरामागं जनावरांना पाणी पाजायची दगडी डोणी होती. डोणीत मका भिजत घातलेली, पाणी गुलाबी. सांडलेल्या पाण्याच्या ओघळात मुंग्या मरून पडल्या होत्या. शेजारी आणखी एक भरलेलं पोतं. त्याचीही शिवण बाहेर.

सकाळी राजावर पांघरलेलं पोतं निंबाखालीच पडलं होतं. तनुजानं ते उचललं आणि उलटं केलं. आतली छापील बाजू बाहेर आली. तिच्यावर लाल शाईत कवटी होती. खाली लिहिलेलं: विषारी. खाण्यास वापरू नये. त्याखाली तारीख, मुदत गेल्या वर्षीच संपलेली.

तिनं साहेबांना गाडी पाठवायला सांगितलं. शेठना आणि सोमनाथला अंगणात बोलावून घेतलं. आवडाबाई उंबऱ्यावर बसली होती. पुतण्याकडं तिनं पाठ केली.

"मावशी, मका कुणी दिली?"

"शेठनी. पाखरांसाठी म्हणून. लई देवमाणूस."

"भुईमुगात विष असतं, तर मोराच्या पोटात भुईमूग सापडला असता," तनुजा म्हणाली. "सापडली मका. सोमनाथकडं मका नाही. रानात कुठंच मका नाही. ती फक्त या अंगणात आहे. ही पेरायची मका. तिला औषध चोळलेलं असतं, म्हणून ती गुलाबी. धुतली की रंग जातो. विष दाण्यात मुरलेलं असतं, ते जात नाही. मावशींच्या नखांवर मेंदी नाही, तोच रंग आहे."

बद्रीनाथ शेठ हसले. "मॅडम, म्हातारीनं दाणे मागितले, मी धर्म केला. बियाण्याचं औषध माझ्या ध्यानातच नाही आलं. चूक झाली असेल."

"चूक?" तनुजानं पोतं त्यांच्यासमोर धरलं. "मग पोती उलटी करून का शिवलीत? कवटीचं चित्र आत जावं म्हणूनच ना? मावशींना वाचता येत नाही, पण कवटी कळली असती."

शेठचं हसू मावळलं.

"मुदत संपलेलं बियाणं तुम्हाला रीतसर नष्ट करायला हवं होतं. तो व्याप टळला, वर पक्षिमित्र म्हणून शाल मिळाली. पहिला मोर मेला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. नाही तर पुरायची एवढी घाई कशाला? त्या दिवशी पोती परत नेली असती, तरी बाकीचे वाचले असते. पण नेली की चार लोक विचारणार, का नेली? म्हणून तुम्ही तिरंगा आणत राहिलात, आणि मावशी दाणे टाकत राहिल्या."

शेठ काहीतरी पुटपुटले. कुणी ऐकलं नाही. सगळे आवडाबाईकडं बघत होते.

"म्हंजी..." तिनं आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. "म्हंजी, मी?"

"तुम्ही नाही, मावशी."

"तीनदा धुतलं गं मी. रंग जाईस्तवर. एक दाणा कधी माझ्या तोंडात नाय घातला, पाखरांचं ते पाखरांचं म्हणून." तिचा आवाज चिरकला. "राजा मान टाकाय लागला, तर मला वाटलं अशक्तपणा हाय. दोन मुठी वाढवल्या मी. जवळ बसून खाऊ घातलं त्याला."

हा दोष कुणी कितीही दुसऱ्याच्या पदरात टाकला, तरी म्हातारी तो आपल्याच पदरात बांधून मरणार, हे तनुजाला दिसत होतं.

"सोम्या," आवडाबाई म्हणाली, "तुझं नाव घेतलं रं मी."

"घेतलं तर घेतलं," सोमनाथ म्हणाला आणि तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसला.

जंगल खात्याची गाडी शेठना आणि पोती घेऊन गेली. सोमनाथनं डोणीतली मका उपसून खोल खड्ड्यात पुरली, अंगण दोनदा झाडलं. पण भेगांमध्ये दाणे राहिलेच होते. फावड्यानं वरची माती खरवडायला त्यानं सुरुवात केली.

ऊन उतरलं आणि टेकडीवरून लंगडी आली.

ही शेवटची लांडोर. कुत्र्यानं पाय धरला तेव्हा आवडाबाईनं हळद लावून तो बरा केला होता. त्या पायानं नीट उकरता येत नाही, म्हणून ती या अंगणावरच जगायची. बाकीच्यांच्या गर्दीत तिला दाणे कमीच मिळायचे, म्हणूनच वाचली असेल. एक पाय ओढत, मान हलवत ती नेहमीसारखी निंबाखाली आली आणि म्हातारीकडं बघत उभी राहिली.

"मावशी, तिला हाकला," तनुजा म्हणाली. "एक दाणाही खायला नको."

आवडाबाई उठली. तिनं मातीचं ढेकूळ उचललं आणि भिरकावलं. ढेकूळ पडून फुटलं.

लंगडी पळाली नाही. ती लगबगीनं त्या फुटलेल्या मातीकडं आली. त्या हातानं टाकलेलं तिनं आजवर खाल्लंच होतं.

"नको गं, नको! मर मेले, जा की!"

म्हातारीनं दगड उचलला. डोळे मिटून मारला. तो पंखावर बसला. लंगडी ओरडली, कशीबशी उडाली आणि टेकडीच्या कडेला उतरून वळून बघू लागली. आवडाबाईनं दुसरा दगड मारला, मग तिसरा. लांडोर दिसेनाशी झाली तरी ती मारतच होती. शेवटी सोमनाथनं तिचा हात धरला.

"गेली काकू ती. गेली."

"आता येणार नाय ना?" आवडाबाईनं तनुजाला विचारलं.

"नाही येणार, मावशी."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली, आणि निंबाखाली बसून तिनं पदर तोंडात कोंबला.