दहातल्या आठ जणी

"जरा सरकता का? साबण दिसत नाहीये."

मी वही छातीशी धरून बाजूला झाले. तो मात्र काही उचलेना. फळीवरच्या वड्या उगीच सारख्या करत माझ्या वहीत डोकावत राहिला.

"कुठला हवाय?"

"हवा असा नाही... हिरव्या कागदातला मीच बनवतो."

झालं! ज्याचा साबण दुकानात ठेवायचा की काढायचा हे माझ्या आठवड्याभराच्या मोजणीवर ठरणार होतं, नेमका तोच समोर उभा! मालकीणबाईंचं म्हणणं स्पष्ट होतं: दहांतल्या तिघांनी तरी तो घ्यावा, नाहीतर ती जागा मोठ्या कंपनीला.

"एवढ्यावरून कळतं?" मी मोजणीचं सांगितल्यावर त्याने विचारलं.

"दहांत सरासरी तिघे घेत असतील, तर कधी दोघे घेतील, कधी पाच. पण आठ? हजारात एखाद-दुसऱ्या वेळी. अट एकच, ज्याने त्याने आपल्या मनाने निवडायचं."

"आपल्या मनाने..." तो असा हसला की एका गिऱ्हाइकाची नोंद राहूनच गेली.

मग तो रोज यायला लागला. आणि मीही — सांगायला लाज कसली? — दाराकडे बघायला लागले.

गुरुवारी सकाळी ओळीने दहातल्या आठ जणींनी हिरवा साबण उचलला. तिसरी तर मलाच म्हणाली, "घ्या हो, आमच्या भाच्याचा आहे!"

दुपारी तो आला.

"तुम्हाला मावश्या किती?"

"चार. का?"

"आणि आत्या?"

"तीन..." त्याचे कान लाल झाले. "आई! आठवी आईच असणार. शप्पथ, मला ठाऊक नव्हतं."

मी गप्प बसले असते तर त्याचा साबण तरला असता. त्याने क्षणभर वहीकडे पाहिलं.

"खोडा," तो म्हणाला. "आईसकट."

शनिवारी बेरीज केली. दोनशे चाळीसपैकी सदुसष्ट. बहात्तर हवे होते. मी त्याच्या बाजूने तर बोलत नाही ना, म्हणून गणित तीनदा तपासलं. मग मालकीणबाईंना मावश्यांचा किस्सा सांगून म्हटलं, "खरंच दहांत तिघे घेत असले, तरी चारांत एकदा एवढी घट नुसत्या योगायोगाने येते. यावरून साबण काढणं घाईचं होईल."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तीन महिने देते. पण मावश्या नकोत."

तो बाहेर फुटपाथवर उभा होता. निकाल ऐकून मोठा श्वास सोडला, आणि तसाच उभा राहिला.

"म्हणजे उद्यापासून तुम्ही... येणार नाही?"

"काम संपलं."

"मला एक... म्हणजे असं की..."

"मला तुम्ही आवडता," मी म्हणून टाकलं.

तो हिरमुसला. "हे मी म्हणणार होतो. दोन दिवस पाठ करतोय."

"मग म्हणा ना."

त्याने म्हटलं. अडखळत, मधले शब्द गाळत, रस्त्यावरच्या माणसांसमोर. मी त्याचा हात धरला.